हात न जोडणारी

सत्त्याण्णवचा डिसेंबर. गुडगावला जाणाऱ्या आमच्या चार्टर्ड बसच्या ड्रायव्हरला धुक्यात पुढचा ट्रक दिसत नव्हता, पण माझ्या शेजारच्या मुलाला देव मात्र बरोबर दिसत होते. धौला कुआँला चढला, ‘सॉरी हां’ म्हणत माझ्यासमोरून हात लांबवून स्वेटरच्या बाहीनं काच पुसली, आणि मग सुरूच झाला. गुरुद्वारा आला, हात कपाळाला. हनुमानाचं देऊळ आलं, हात कपाळाला. हिरव्या चादरीची मजार, हायवेवरची ती उंच शिवमूर्ती... एवढंच काय, एका शाळेच्या छपरावरचा क्रॉससुद्धा त्यानं सोडला नाही.

“बाई गं, किती देव याचे!” मी पुटपुटले. मराठीत. दिल्लीत वाढलेल्या आम्हा मराठी माणसांची ही खोड आहे. आपली भाषा आजूबाजूला कुणाला कळणारच नाही, असं धरून चालायचं.

“पाच झाले,” तो समोर बघतच म्हणाला. “सहावा आला तर त्यालाही ॲडजस्ट करू.”

मेले! कानापर्यंत लाल झाले असणार मी.

त्याचं नाव राजवर्धन. वडील कृष्णात, फौजेत सुभेदार, मूळ कोल्हापूरकडचे. हा मात्र फिरोजपूरला जन्मलेला आणि सहा छावण्यांमधून शिकलेला. “पपांच्या पलटणीत मंदिर, मस्जिद, गुरुद्वारा, चर्च, सगळं एकाच छताखाली होतं. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तिथंही परेड! लेट झालं तर पपा ओरडायचे, देव नाही. त्यामुळे देवाची भीती कधी वाटलीच नाही, यार. सगळे ओळखीचे अंकल असल्यासारखे... दिसले की नमस्ते.” मग म्हणाला, “तुमचा हात एकदाही वर गेला नाही. मी बघत होतो.”

“देव बघत होतात की मला?”

“दोन्ही... एक विचारू? तुम्हाला धर्माची शिक्षा कोणी दिली?”

“शिक्षा? का, मी काय गुन्हा केला?”

“नाही नाही! म्हणजे... वो... एज्युकेशन!”

“त्याला मराठीत शिक्षण म्हणतात,” मी म्हटलं, आणि इतकी हसले की पुढच्या सीटवरच्या मॅडम वळून बघायला लागल्या.

पण प्रश्न खरा होता, म्हणून उत्तरही खरं दिलं. माझे बाबा विश्वास, नागपूरचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि खाली पुस्तकांची दोन कपाटं. बाबांच्या आजोबांना गावातल्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती. छप्पन साली त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि म्हणाले, आता कुणी बोलावलं तरी त्या पायरीकडे जायचं नाही. “मला लहानपणी गोष्ट म्हणून हेच सांगितलं जायचं,” मी म्हणाले. “तुम्ही परेड केलीत, मी हे ऐकलं. माझा हात वर जात नाही. आणि मला त्याचा अभिमान आहे.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारची सीट त्याचीच झाली. जानेवारीत तो गरम शेंगदाण्याची पुडी आणू लागला. फेब्रुवारीत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. मार्चमध्ये बसनं जोरात ब्रेक मारला, तेव्हा त्यानं माझा हात धरला आणि... बस पुन्हा चालू झाली तरी सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.

“रविवारी घरी ये ना,” एप्रिलमध्ये तो म्हणाला. “आईला भेट. फक्त... दोन सेकंद देवासमोर हात जोड. मनात काहीही म्हण, चालेल. आईसाठी.”

मला इतकं लागलं ते! “म्हणजे नाटक कर म्हणतोस?”

“प्रज्ञा, बस दोन सेकंद...”

“येईन मी. पण हात जोडणार नाही. आणि हे तुझ्या आईला तू सांगायचं नाहीस, मी सांगणार.”

रविवारी मी छावणीतल्या त्यांच्या क्वार्टरकडे निघाले. हा मुलगा मला हवा होता. अगदी मनापासून हवा होता. आणि आज तो हातचा जाईल हे मला कळत होतं.

त्याची आई, शेवंताकाकू, दारातच म्हणाल्या, “ये पोरी. आधी देवाच्या पाया पड, मग चहा.”

“काकू, मी नाही पडणार,” मी म्हणाले. “आमच्या घरी नाही करत. आणि मनात नसताना केलं तर तुमचाच अपमान होईल.”

सुभेदारसाहेबांनी पेपर खाली ठेवला. काकू माझ्याकडे वळल्या. “आगं, मोठमोठे साहेब लोक जवानांच्या देवाला हात जोडायचे. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“त्यांची ती ड्यूटी होती, काकू. मी भरती व्हायला नाही आले.”

आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात राजवर्धन पुढे आला.

“आई, मीच हिला म्हटलं होतं, खोटे खोटे हात जोड. हिनं ऐकलं नाही. चूक माझी आहे.” तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. “आणि मला हिच्याशीच लग्न करायचंय. हिला बदलून नाही... अशीच.”

मला कधी म्हणाला नव्हता तो हे. पहिल्यांदा म्हणाला ते आईसमोर! माझे डोळे भरून आले.

काकू पाटावर बसल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, “मग सकाळी उठून तू करतीस तरी काय?”

“वंदना म्हणते. पाच गोष्टींचं वचन देते. स्वतःला.”

“म्हण बघू.”

मी ताठ उभी राहिले. आधी पालीत म्हटलं, मग अर्थ सांगितला. जीव घेणार नाही. न दिलेलं घेणार नाही. वावगं वागणार नाही. खोटं बोलणार नाही. दारूला शिवणार नाही.

काकू ताडकन सरळ झाल्या. “आवं, ऐकलंसा का? पोरी, पाचवं परत म्हण!”

“दारूला शिवणार नाही.”

“कॅन्टीनची रम म्हंजे दारू नव्हं,” सुभेदारसाहेब पुन्हा उचललेल्या पेपराआडून म्हणाले. “ती सरकारी हाय.”

राजवर्धन फिस्सकन हसला. काकूंनी मला हाताला धरून शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, “तू ये गं या घरात. हात नको जोडूस. हे तेवढं रोज सकाळी, ह्यांच्या कानापाशी उभी राहून, मोठ्यानं म्हणत जा.”