पाठमोरी

भोरला नीरेच्या काठी रंगाऱ्यांची तीन घरं होती, त्यातलं मधलं जलालचं. दारात निळीचे रांजण पुरलेले, आत लाकडी ठसे रचलेले. कापड रंगवायचं पुरुषांनी आणि नदीवर धुवायचं बायकांनी, ही पिढीजात रीत. त्यामुळं या घरांतल्या बायकांचे हात मनगटापर्यंत निळे. ती नीळ मेल्याशिवाय जात नाही म्हणायचे. जलालची बायको जाहिदा हिचे हात लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात निळे झाले, तेव्हा जलालनं ते कौतुकानं डोळ्यांना लावले होते.

पुढं तो बोटीवर कोळसा ओढायला गेला, तो सहा वर्षांनी, अडतीस साली परतला. येताना पार तिकडच्या ताहिती बेटावरून एक कापड घेऊन आला. तिकडच्या बाया ते अंगाभोवती गुंडाळतात, पारेओ म्हणतात त्याला. गर्द निळ्या अंगावर पांढरी पानं, लाल फुलं, आणि कोपऱ्यात केस मोकळे सोडून बसलेली एक पाठमोरी बाई. सगळं हातानं रंगवलेलं.

"कोण वो ही?" जाहिदानं विचारलं.

"रंगवणारी," जलाल म्हणाला. एवढंच.

त्या दिवसापासून ठसे धूळ खात पडले. जलाल कुंचला घेऊन तसलीच पानं काढत बसायचा. आणि कहर म्हणजे, ते कापड तो स्वतः धुवायचा! मिठाच्या पाण्यात, उलटं करून, न पिळता, न आपटता, सावलीत वाळवायचं. "हात लावू नगंस. तुला न्हाई जमायचं," म्हणाला. जिचे हात धुऊन धुऊन निळे झाले, तिला!

घाटावर शेजारच्या चंद्राबाईनं टोचलंच. "जायदे, तुजा दादला धुणं धुतुया म्हनं! कुनाचं गं लुगडं?"

जाहिदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आल्यापासून या माणसानं तिच्याकडं धड बघितलं नव्हतं. सवत ती सवतच, मग कापडाची का असेना.

बाजाराच्या दिवशी जलाल रंगवलेले रुमाल विकायला गेला, तशी तिनं पारेओ उचलला आणि नदी गाठली. दगडावर हाणहाण हाणला, पीळ घातला आणि भर उन्हात वाळूवर पसरला. 'बघू किती टिकतीय तुजी सटवी!'

पाण्यात रंगाचा थेंब उतरला नाही. वाळल्यावर तिनं कोपरा बघितला. बाईचा डावा कान दिसत होता, कानामागं लाल फूल. कान तर आधी नव्हता. का होता? तिला खात्री वाटेना. घरी येऊन घडी होती तशी ठेवली. भाकरी थापताना दिसलं, आपली नखं पांढरीस्वच्छ झालीत.

दुसऱ्या बाजारी तिनं पापडखार घालून कापड उकळलं. या वेळी गाल दिसला. गोल, सावळा, तरुण गाल. जाहिदाला असं जळायला झालं की घास उतरेना. तिची बोटं आता लग्नाआधी होती तशी झाली होती. चंद्राबाईनं ती बघितली आणि आपलं धुणं उचलून चार दगड पलीकडं जाऊन बसली.

"काय गं चंद्राबाई?"

"काय न्हाई बया." तिनं वर बघितलंच नाही.

आता कापड नासवायचं जाहिदाच्या मनातही राहिलं नव्हतं. तिला तोंड बघायचं होतं. असं काय आहे त्या तोंडात, की माझ्या माणसाला माझं दिसत नाही?

तिसऱ्या बाजारी ती घाटावर एकटीच होती. तिनं कापड पाण्यात सोडलं.

"दाव की गं तोंड. का लाजतीयास?"

बाई वळली होती. हसत नव्हती, रागावलीही नव्हती. पाणवठ्यावर बराच वेळ उभं राहून आपली पाळी आल्यावर बाया बघतात, तशी ती बघत होती.

जाहिदाचे हात मनगटापर्यंत उजळले होते. निळीचा डाग म्हणून नाही.

ती घरी आली. जलाल आधीच परतला होता. त्यानं मान वर केली आणि बघतच राहिला. सहा वर्षांनी, पहिल्यांदा.

तो उठला. दारातलं जास्वंदीचं फूल तोडून त्यानं तिच्या डाव्या कानामागं खोवलं. तिचे हात धरले, डोळ्यांना लावले. मग हळू आवाजात काहीतरी बोलला. ती भाषा भोरात कुणाला येत नव्हती.

तिला शब्द न् शब्द समजला.

तिच्या खांद्यावरून त्यानं ओलं कापड घेतलं, मिठाच्या पाण्यात बुडवलं, न पिळता सावलीत टाकलं. कापडाच्या कोपऱ्यात कुणी बाई पाठ करून बसली होती. डोक्यावर पदर, हातात बांगड्या. हात मनगटापर्यंत निळे.

इतकं जपून कुणाचं कापड धुतोय हा? तिच्या काळजात बारीक कळ उठली.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"धुणारी," जलाल म्हणाला. एवढंच.