दहा राजांच्या पाठी

शिलाई मशीनएवढ्या ‘चित्रक’ यंत्रानं चाळीस मिनिटांत दशावतारी गंजिफांची, म्हणजे जुन्या पत्त्यांची, एकशेवीस गोल पानं रंगवली, पाठीवर लाल लाख चढवली आणि वाळवूनही दिली. उर्मिला चितारीला याच कामाला दीड महिना लागायचा.

सावंतवाडीच्या गंजिफा मंडळात आज फैसला होता. शाळांच्या स्पर्धांसाठी संच कुणाचे घ्यायचे, यंत्राचे की चिताऱ्यांच्या शेवटच्या उरलेल्या घराचे?

"काकू, यंत्र तुमच्या बाबांकडूनच शिकलंय," ते बनवणारी मृण्मयी म्हणाली. "त्यांच्या बारा संचांतला प्रत्येक थर कणाकणानं मोजलाय."

"थर मोजून हात येता काय गो?" उर्मिला हसली. "आमच्याकडे खेळून बघल्याशिवाय संच भायर जाणा नाय. पाठीवरून एक जरी पान वळाखला तर संच बाद. बस खेळाक!"

खेळ तिघांचा, म्हणून अध्यक्ष बापू म्हापसेकरही बसले. उर्मिला दोष काढायलाच बसली होती आणि नजर चिताऱ्याची. पाचव्या हाताला तिला सापडलं. काही पानांच्या पाठीला, अगदी कडेला, लाखेचा मोहरीएवढा फुगवटा होता. पुढचे सगळे हात तिनेच जिंकले.

"जादू केलात काय ताय?" बापू थक्क झाले.

तिनं फुगवट्याची पानं वेचून उताणी केली. मत्स्याचा राजा, कूर्माचा राजा, वराहाचा... दहाच्या दहा राजे.

"ओघळ राजांवरच बरो पडलो!" ती कडाडली. "तूच शिकयलंस याका."

"नाही काकू. ते मनानं काही करत नाही. पाहिलं तेच काढतं." मृण्मयीनं नमुन्याचा जुना संच पुढे सरकवला. बाबांचा.

उर्मिलानं पानं पालथी घातली, कडांवरून अंगठा फिरवला. एका पानावर तो अडखळला. उलटलं. मत्स्याचा राजा.

चाळीस वर्षं ती बाबांकडून हरत आली होती. सारं गावच हरत होतं आणि वर त्यांचं कौतुक करत होतं. बापाच्या पानांची पाठ तपासायची असते, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले.

"मग यंत्राचा संच बाद ना?" बापूंनी विचारलं.

"बाद," ती म्हणाली, आणि बाबांचा संच त्याच्या शेजारी ठेवला. "आणि हो संच पण बाद."

मृण्मयीनं भीत भीत विचारलं, "काकू, तुम्हीही त्यांचाच हात बघून शिकलात ना?"

उर्मिलानं पिशवीतून स्वतःचा संच काढून पालथा मांडला. पहिल्या पानाच्या कडेवर अंगठा टेकवला, पण तो पुढे सरकेना. न शिकवता यंत्र जे शिकलं, तेच तीही शिकली असेल का?