चहाच्या किटल्यांचा कागद

ही गोष्ट घडलेली आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर इथेच थांबा, मला काही फरक पडत नाही. जिच्यावर ही वेळ आली ती एव्हरिल माझी शेजारीण. तिने हे मला तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. त्या स्वयंपाकघराच्या भिंतींना नुसता पांढरा रंग होता.

भिंतीवर चिकटवायच्या रंगीत कागदाचा एक तुकडाही नाही.

का, ते कळेलच.

साल १९७४. नोव्हेंबर. इंग्लंडच्या उत्तरेला, हॅलिफॅक्स. गिरणीमागची काळवंडलेल्या दगडी घरांची ओळ. चार वाजले की काळोख.

एव्हरिलचा नवरा क्लिफर्ड बिजवर. त्याची पहिली बायको ईनिड याच ओळीतल्या त्याच्या घरात वारली. स्वयंपाकघरात, कोळशाच्या शेगडीसमोरच्या खुर्चीत. शेगडीचा विषारी वायू खोलीत कोंडला होता. चौकशीत क्लिफर्डने सांगितलं की धुराड्याची झडप तिनेच बंद केली. बाळंतपणानंतर तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

गल्लीने मान डोलावली. झालं! बाई मेली की तिच्या माथी काहीही मारा. ती थोडीच उठून बोलणार आहे?

... असं गल्लीला वाटत होतं.

तान्ही लॉर्ना त्या दिवशी आजीकडे होती म्हणून वाचली. क्लिफर्ड पोरीला घेऊन आईकडे राहायला गेला आणि घराला कुलूप लागलं. ते उघडलं एव्हरिलशी लग्न झाल्यावर, उन्हाळ्यात. लॉर्ना तोवर दुडुदुडु धावायला लागली होती. पहिल्या आठवड्यातच ती एव्हरिलला मम्मी म्हणाली, आणि एव्हरिल त्या पोरीची झाली ती कायमची.

स्वयंपाकघराच्या भिंतींवर अजून ईनिडने निवडलेला कागद होता. तपकिरी रंगावर नारिंगी किटल्या.

"मेलेल्या बाईच्या किटल्या बघत मी चहा पिणार नाही," एव्हरिल म्हणाली.

"मग कॉफी पी," क्लिफर्ड म्हणाला.

पण थंडी तोंडावर आली तेव्हा तो तिच्याबरोबर कागदाच्या दुकानात आला. एव्हरिलने नमुन्यांचं जाडजूड पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. फुलं नकोत, पाणी उडालं की फुलं डागाळतात. बारीक रेघा नकोत, भिंत वाकडी असली की लगेच चुगली करतात. शेवटी तिचं बोट पिवळ्या लिंबांवर थांबलं. वर प्लास्टिकचा मुलामा.

"स्वयंपाकघराला हाच घ्या बाई," दुकानदार म्हणाला. "वाफ आली, तेल उडालं, पुसून टाका. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही."

"वारा?" क्लिफर्डने पटकन विचारलं.

"वारासुद्धा नाही."

"मग दे."

शनिवारी काम निघालं. लांब फळी मांडली, बादलीत खळ कालवली. एव्हरिल जुना कागद खरवडायला गेली तर क्लिफर्डने तिच्या हातातलं पातं काढून घेतलं.

"जुन्यावरच चिकटव. खरवडत बसलीस तर ख्रिसमस इथेच होईल."

तेवढ्यात शेजारच्या क्लेगबाई चहाचा मग हातात घेऊनच आत आल्या.

"हे काय? खरवडलं नाही? मग नावं कुठे लिहिणार गं?"

त्या गल्लीची ती रीत. नवा कागद लावण्याआधी उघड्या भिंतीवर घरातल्या प्रत्येकाने पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं. मग वर कागद. पुढच्या खेपेला खरवडलं की जुनी नावं दिसतात, लोक हसतात, रडतात, खाली नवी लिहितात.

"आमची नावं आहेत आतमध्ये," क्लिफर्ड म्हणाला. "ईनिडने लिहिलं, मी लिहिलं. माझं सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात."

"तुझं आहे रे मेल्या. या पोरीचं? घर ओळखणार कसं तिला?"

"मी ओळखतो ना! चहा संपला असेल तर निघा."

क्लेगबाई निघाल्या. दारात थांबून त्यांनी बाहेरच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं.

"तिकडून पूर्वी गार वारा यायचा," त्या म्हणाल्या. "ईनिड नेहमी म्हणायची."

क्लिफर्डने खळीची बादली ढवळायला घेतली.

संध्याकाळपर्यंत लिंबं लागली. खोली उजळली. शेगडी पेटली. लॉर्ना लिंबं मोजायला लागली आणि चार झाल्यावर परत एकवर आली. एव्हरिलला वाटलं, आता हे घर आपलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाहेरच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, एक फुगा आला...

पंजाएवढा.

तिने फडक्याने दाबला. बसला. चहा ओतून वळून पाहिलं, तर परत वर.

हात लावला. बाकीची भिंत कोरडी खडखडीत. फुग्याखालची खळ ओली. गार.

आणि तो फुगा... हळूच आत जात होता. हळूच बाहेर येत होता.

सोमवारी दुपारी आवाज आला.

सर्र... सर्र...

कागद भिंतीवर बसवताना मऊ ब्रश फिरवतात ना, अगदी तसा. वरून खाली. एव्हरिल बटाटे सोलत होती. ब्रश धुऊन परसात वाळत टाकलेला होता. खिडकीतून दिसतही होता.

सर्र... सर्र...

मग तिचं डोकं दुखायला लागलं. रोज दुपारी. लॉर्ना पेंगुळलेली, खायला नको, खेळायला नको. स्वयंपाकघरात टांगलेल्या पिंजऱ्यातला हिरवा पोपट दिवसभर बडबडायचा, तो गप्प झाला.

बुधवारी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. पाय वर.

"गार वाऱ्याने मेला," क्लिफर्ड म्हणाला. "बघ, सांधा सुटलाय तिथे."

खरंच फुग्याशेजारचा सांधा उकलला होता. क्लिफर्डने दाट खळ लावली, वर आणखी एक तुकडा चिकटवला. मुठीने ठोकला. लिंबावर लिंबू बसलं नाही. त्याच्या हातून एकही पट्टा सरळ लागायचा नाही.

"आता उघड," तो पुटपुटला.

एव्हरिलने विचारलं, "कुणाला म्हणतोस?"

"भिंतीला."

गुरुवारची दुपार. बाहेर धुकं. क्लिफर्ड कामावर. लॉर्ना शेगडीसमोरच्या खुर्चीत झोपली होती. हो, त्याच खुर्चीत. एव्हरिल टेबलाशी टेकली. हात जड झाले होते. जरा डोळे मिटावेत, एवढंच मनात होतं.

घड्याळाची टिकटिक लांब गेली...

टर्र.

तिने डोळे उघडले नाहीत.

टर्रर्र...

पापण्या किलकिल्या झाल्या तेव्हा वरच्या टोकापासून कागद सुटत होता. घाईने नाही. कुणीतरी दोन बोटांत धरून, न फाडता, जपून काढतंय तसा. लिंबं खाली आली. त्यांच्यामागे नारिंगी किटल्या खाली आल्या.

आणि बर्फासारखा वारा एव्हरिलच्या तोंडावर आदळला.

ती उठली, पडली, परत उठली. लॉर्नाची मान कलंडली होती. ओठ, गाल चेरीसारखे लाल. एव्हरिलने पोरीला काखोटीला मारलं आणि परसात धाव घेतली. धुक्यात ती तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिली. मारत राहिली...

लॉर्ना ओकली. मग रडली.

जगातला सगळ्यांत सुंदर आवाज, एव्हरिल मला म्हणाली.

डॉक्टर येऊन गेले. शेगडीचा विषारी वायू, म्हणाले. शेगडी विझवली. तेव्हा कुठे एव्हरिलने भिंतीकडे नीट पाहिलं. तिथे एक झरोका होता. लोखंडी जाळीचा, शेगडीच्या खोलीला हवा मिळावी म्हणून ठेवलेला. गळून पडलेल्या कागदावरून कळत होतं, ईनिडने तिच्या किटल्या त्या जाळीच्या कडेने नीट कापून बसवल्या होत्या. त्यावर नंतर कुणीतरी किटल्यांचाच एक तुकडा चिकटवला होता.

वाकडा.

झरोक्याखालचं प्लॅस्टर उघडं पडलं होतं. त्यावर पेन्सिलीने नावं होती.

ईनिड.

त्याखाली, लॉर्ना. किटल्या लागल्या तेव्हा लॉर्ना पोटात होती. तिचं नाव ठरलंसुद्धा नव्हतं.

त्याखाली...

एव्हरिल.

तिन्ही नावं एकाच हातची.

सगळ्यांत वर, जिथे क्लिफर्डचं मोठ्या अक्षरातलं नाव असायला हवं होतं, तिथे फक्त ओल्या खळीचा डाग होता.

क्लिफर्ड आला. एव्हरिल कोट घालून, पोरीला कडेवर घेऊन उभी होती.

"झरोका तू बुजवलास. तिच्या वेळी."

"वारा यायचा गं. नाश्ता गार व्हायचा."

"आणि झडप? ती तिने बंद केलीच नव्हती!"

त्याने मान खाली घातली.

"तिचं डोकं फिरलं होतं म्हणालास. सगळ्या गल्लीसमोर! नाश्त्यापायी मारलीस, आणि वर तिलाच वेडी ठरवलीस?"

"मला काय ठाऊक होतं?" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "नंतर कळलं. तोवर ती गेलीच होती. सांगून कोण परत येणार होतं?"

एव्हरिलने दोन्ही कागद परसात जाळले आणि पोरीला घेऊन ती निघाली. तिने गल्लीत दारोदार खरं सांगितलं. क्लेगबाई तेवढ्या रडल्या. बाकीच्यांना त्याचं काय! मेलेल्या बाईचं नाव साफ करायला कुणाला सवड असते?

फेब्रुवारीत क्लिफर्ड मेला. शेगडीसमोरच्या खुर्चीत.

झरोका बंद होता. त्यावर कागद.

लिंबांचा नाही... किटल्यांचा.

क्लेगबाईंनी स्वतः पाहिला. किटलीच्या दांडीला दांडी जुळलेली, सांधा इतका बारीक की नख अडकू नये. तो नमुना दुकानातून केव्हाच बंद झाला होता. शेगडी रात्रभर धगधगत होती, आणि कागदाखालची खळ अजून ओली होती.

गल्ली म्हणाली, त्यानेच बुजवलं. बायको गेल्यापासून डोकं ठिकाणावर नव्हतं बिचाऱ्याचं.

मान डोलावली आणि आपापल्या घरी गेली.

एव्हरिल पुढे जिथे राहिली तिथे तिने सगळ्यांत आधी स्वयंपाकघरातला झरोका शोधला. रोज सकाळी त्यावर तळहात ठेवायची. मी पाहिलंय. बाहेरचा गार वारा हाताला लागला की मगच चहा.

"पण कधी कधी वारा आत येत नाही," ती मला म्हणाली. लॉर्ना बाहेरच्या खोलीत होती म्हणून हळू बोलली. "हात जाळीकडे ओढला जातो. थोडा वेळ थांबतो. मग सुटतो... कुणीतरी पलीकडे श्वास घेतंय तसा."

मी म्हणालो, वाऱ्याचं तसंच असतं.

तिने माझा हात धरला आणि जाळीवर ठेवला.

त्या दिवसापासून माझ्या घरातही कागद नाही.