आठ दिवसांच्या फोनमधला मळ

दे इकडे तो फोन. आधी पुस. अरे शर्टाला काय पुसतोस, शी! रुमाल नाही का तुझ्याजवळ? हं, आता दे. रिंग हळू वाजते म्हणून तासभर कुरकुर चाललीय तुझी. सेटिंग बघितलंस? कंपनीने स्पीकरवर चिकटवलेली ती पातळ पट्टी काढलीस? नाही ना? मग काढ. नव्या फोनचं निम्मं दुखणं तेवढंच असतं.

उरलेलं निम्मं... जाऊ दे. जेवणं झालीत ना सगळ्यांची? झाली असतील तरच सांगतो, कारण गोष्ट जरा घाण आहे. आणि तू गं, दाराशी बसलीस ती, दार लोटून घे. मध्येच 'खरंच का काका' असं विचारायचं नाही. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्याच्यावर गुदरलं त्याच्याबरोबर अकरा वर्षं मी एका गाळ्यात काढलीत. खोटं बोलण्याइतकी कल्पनाशक्तीच नव्हती त्या माणसाला.

माझं चष्म्यांचं दुकान होतं. गाळ्याच्या पुढच्या अर्ध्यात मी, मागच्या अर्ध्यात फोन दुरुस्त करणारा हा. सदानकदा हातात चिमटा, म्हणून सगळे त्याला चिमटाच म्हणायचे. तुम्हाला फोन म्हणजे चकचकीत वस्तू वाटते. त्याला विचारा! स्पीकरच्या जाळीत काय काय बसतं... पीठ, तपकीर, तोंडाची पावडर, घाम, आणि कानातला मळ. मी इकडे चष्म्यांच्या नाकाच्या गाद्या पुसायचो, त्या हिरव्या पडलेल्या असायच्या. दुपारी डबा उघडला की आम्ही दोघंही भिंतीकडे तोंड करून बसायचो.

तर त्या दिवशी मंगळवार होता. सतरा तारीख. सकाळी अकराच्या सुमारास एक जण आला. रक्त-लघवी तपासतात ना, तशा लॅबमध्ये कामाला होता. हाताला साबणाचा वास, नखं अगदी तळापर्यंत कापलेली. माझ्या काउंटरला शर्ट लागू नये म्हणून तो अंग चोरून आत गेला. तेवढ्यावरूनच मला तो आवडला नाही.

चिमट्याला म्हणाला, "फोन आठ दिवसांचा आहे. रिंग ऐकूच येत नाही. आई दवाखान्यात आहे, आत, जिथे आपल्याला थांबू देत नाहीत. डॉक्टर म्हणालेत, आज किंवा उद्या. ते फोन करतील तेव्हा लगेच निघायचं, तर भेट होईल. काल दोनदा फोन आला, मला पत्ताच नाही."

"मग तिथेच बाहेर बसा की," चिमटा म्हणाला.

"त्या बाकांवर? कोण कोण झोपतं त्यांच्यावर!" त्याने नाक मुरडलं. "घर पंधरा मिनिटांवर आहे माझं. फक्त रिंग ऐकू आली पाहिजे."

चिमट्याने नेहमीप्रमाणे एकेक बघितलं. आवाज पूर्ण. सायलेंटचं बटण बंद. ब्लूटूथ बंद. पट्टी काढलेली. मग भिंग डोळ्याला लावून खालच्या जाळीत बघितलं, तर जाळी दिसेचना. पिवळं, काळपट, चिकट असं काहीतरी ठासून भरलं होतं. टोचलं तर मऊ. आणि वास... कुजलेल्या कानाचा वास घेतलाय का कधी? नका घेऊ.

"हा नवा फोन आहे?" चिमट्याने विचारलं.

त्याने बिल दाखवलं. नऊ तारखेचं. चिमटा मला नंतर म्हणाला, एवढा मळ बसायला वीस वर्षं लागतात, आणि तीसुद्धा एखाद्याने कानात कधी पाणी घातलं नसेल तर. पण गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार? स्पिरिट लावलं, ब्रश मारला, जाळी लख्ख केली. रिंग वाजवली तशी माझ्या हातातली काच पडता पडता वाचली, एवढा आवाज. लॅबवाला फोन कागदात गुंडाळून घेऊन गेला.

संध्याकाळी सातला चिमट्याला त्याचा फोन. "परत तेच. घरी या. हवे तेवढे पैसे घ्या, पण या."

चिमटा गेला. हत्यारांची पिशवी घेऊन, चालत. पोचला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, जिथे तिथे फिनेलचा वास. खिडकीपाशी एक खुर्ची, आणि ती वरपासून खालपर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. लॅबवाल्याने हातात रबरी मोजे घातले होते. स्वतःच्या घरात!

फोन टेबलावर होता. चिमट्याने आपल्या फोनवरून रिंग दिली. वाजली... पण कशी? कुणी तळहात दाबून धरावा तशी. चिमट्याने तो उचलला. गरम होता. एकच बाजू गरम, आणि तीही बॅटरीची नाही, स्पीकरची. भिंग लावलं.

जाळी भरली होती. काठोकाठ. आणि या वेळी ओली.

"नऊ तासांत?" चिमटा म्हणाला. "साहेब, खरं सांगा. या फोनला कोण कान लावतं?"

"कोणी नाही. मी तर कायम लांब धरून स्पीकरवर बोलतो. कानाला लावतच नाही."

"मग हा मळ खालच्या जाळीत कसा? चांगल्या कानाचा माणूस वरची बाजू कानाला धरतो. खालची रिंगची बाजू कोण धरतं माहितीय? ज्याला ऐकू येत नाही तो. तिथे आवाज मोठा असतो म्हणून बहिरी माणसं फोन उलटा करून कानाला दाबतात. वीस वर्षं मी हेच बघतोय."

लॅबवाल्याने हातातले मोजे वर ओढले. मग खुर्चीकडे बघत म्हणाला, "वडील असेच धरायचे."

"ते कुठे आहेत?"

"वारले. आठ तारखेला."

पोरांनो, मग त्याने जे सांगितलं ते ऐका. बाप बहिरा. एक कान वाहायचा. आई दवाखान्यात गेल्यापासून म्हाताऱ्याचं एकच, मला तिच्याशी बोलायचंय. सिस्टर रोज संध्याकाळी फोन लावून द्यायच्या. आणि हा शहाणा, फोन हातभर लांब धरायचा. बापाच्या हातात द्यायचा नाही. का, तर कानाची घाण लागते! म्हातारा म्हणायचा, मोठं कर रे, ऐकू येत नाही. तिकडे ती म्हणायची, हे बोलत का नाहीत, रागावलेत का? असं तेरा दिवस. दिवसभर परक्यांच्या लघवीच्या बाटल्या हाताळणारा माणूस, आणि बापाच्या कानाची किळस. थू! मला विचाराल तर त्या मळापेक्षा याचीच जास्त किळस आली मला.

आठ तारखेला हा आंघोळ करून बाहेर आला, तर म्हातारा त्या खुर्चीत. याचा फोन उलटा धरून कानाला दाबलेला. फोन लावता येत नव्हता त्याला. नुसताच बंद फोन कानाला लावून बसला होता, तिचा आवाज येईल म्हणून. गेलेला होता.

"मग तो फोन?"

"टाकून दिला. सगळा पिवळा झाला होता. दुसऱ्या दिवशी हा घेतला. याला वडिलांनी कधी हातसुद्धा लावलेला नाही." मग म्हणाला, "आईला अजून सांगितलेलं नाही."

चिमटा धंद्याचा माणूस, त्याला वाटलं स्पीकरच बदलून टाकू. पिशवीत होता एक. त्याची एक पद्धत होती. फोन उघडायचा म्हणजे आधी सिम काढून स्वतःच्या साध्या फोनमध्ये घालायचं आणि तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे मधल्या वेळात त्याचा कॉल चुकायला नको. तसा त्याने आपला फोन पुढे केला. "हा धरा. दवाखान्याचा फोन आलाच तर यावर येईल."

लॅबवाल्याने त्या फोनकडे बघितलं. कडा झिजलेल्या, बटणांवर मेणचट थर चढलेला.

"हा... तुम्ही कानाला लावता?"

"मग काय नाकाला लावू?"

"नको. दहाच मिनिटांचं काम आहे ना? राहू द्या सिम त्यातच."

"अहो, आई..."

"राहू द्या म्हणालो ना!"

चिमट्याने हात टेकले. मागचं झाकण गरम करून काढलं. आधी बॅटरी सोडवली. घड्याळ बघितलं, आठ एकेचाळीस. ते बघायचीही त्याला सवय. बॅटरी बाहेर काढून डाव्या हातात धरली. मग स्पीकर सोडवला आणि टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवला. नखाएवढा तुकडा. त्याला ना वायर, ना बॅटरी. कशालाही जोडलेला नाही.

कागद हलला.

पंखा बंद होता. खिडकी बंद.

कागद परत हलला. स्पीकर थरथरत होता. थांबायचा. पुन्हा थरथरायचा. मध्ये थोडा वेळ गप्प... मग पुन्हा. कुणी बोलत असावं, आणि कुणी ऐकत असावं, तसं.

त्याच्या जाळीतून पिवळं पाणी यायला लागलं. कागदावर पसरलं. वास सुटला.

लॅबवाला भिंतीला जाऊन चिकटला. "बंद करा ते!"

"काय बंद करू? बॅटरी तर माझ्या हातात आहे..."

आवाज येत होता. पण इतका बारीक... इतका बारीक, की शब्द कळेना. बाईचा आहे एवढंच कळत होतं. थकलेला.

चिमटा म्हणाला, "साहेब... कान लावा."

"काय?"

"खाली वाका. कान लावा त्याला. ऐकू येईल."

लॅबवाला एक पाऊल पुढे आला. वाकला. वीतभर अंतर उरलं. तो आवाज ओळखीचा होता त्याच्या. चेहऱ्यावरूनच दिसत होतं, चिमटा म्हणतो. डोळे भरले त्याचे. आणखी थोडा वाकला... आणि त्याची नजर त्या पिवळ्यावर गेली.

"शी..."

मागे सरला. तोंडावर मोजा दाबला. मोरीकडे धावला, ओकला.

आणि चिमटा? त्याने का नाही लावला, म्हणून मी विचारलं त्याला. खाली मान घालून म्हणाला, "माझाही हात पुढे झाला नाही रे. आयुष्यभर लोकांच्या कानांची घाण काढली, पण त्या दिवशी..."

थरथर थांबली.

कागद सपाट झाला.

लॅबवाला तोंड धुऊन आला. दोघंही एकमेकांकडे बघेनात. चिमट्याने नवा स्पीकर बसवला. एक स्क्रू दोनदा पडला. बॅटरी जोडली. फोन सुरू झाला. आणि लगेच वाजला. खणखणीत. दोघंही उडाले.

दवाखाना.

लॅबवाल्याने हातभर लांब धरून घेतला. सिस्टरचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. "तुम्ही निघालात ना? सांगायला वाईट वाटतंय... आजी गेल्या. आत्ताच. आठ पन्नासला."

तो फोनवर ओरडला. "मला... मला आधी का नाही फोन केलात?"

"केला की! तुमच्या याच नंबरवर. आजींना शेवटचं बोलायचं होतं. आजोबांनी उचलला."

"कोणी?"

"आजोबांनी. मीच आजींच्या कानाला धरून बसले होते. दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं त्यांनी, पण आज भरभरून बोलल्या. हसल्यासुद्धा. म्हणत होत्या, आज बरं ऐकू येतंय हो तुम्हाला. मी शेवटी आजोबांना म्हटलं, लवकर या. ते म्हणाले, दारातच आहे..."

सिस्टर पुढेही काही बोलत होती. लॅबवाल्याच्या हातातून फोन निसटला होता. तो खाली पडून बोलतच राहिला, खणखणीत आवाजात. कुणीतरी तो बंद करायला हवा होता, म्हणून चिमट्याने उचलला. बंद केला. आणि दुरुस्तीवाल्याच्या सवयीने कॉलची यादी उघडून बघितली.

सगळ्यात वर आत्ताचा कॉल. त्याच्या खाली एक. तोही दवाखान्याचा. आलेला. न उचललेला असला की लाल असतो ना, हा लाल नव्हता. उचललेला होता. आठ वाजून त्रेचाळीस मिनिटं. चार मिनिटं, बारा सेकंद.