खुंटाचं नाव

पालीभाटच्या चर्चच्या आवारात विहीर होती, विहिरीवर पंप होता, पण पाणी भरायला तिथं आता कोणी फिरकत नसे. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटली की बाया कळशा घेऊन आवाराच्या पश्चिमेच्या टोकाला जात आणि एका झाडाच्या बुंध्याला लावलेला नळ सोडत. हो, झाडालाच नळ! आणि त्यातून येई रात्रभर हवेतून वेचलेलं दव, गोड आणि गार. विहिरीचं पाणी आता मिठागरातल्यासारखं खारट झालं होतं. समुद्र दरवर्षी जमिनीखालून थोडाथोडा आत सरकत होता, त्याला कोण अडवणार!

या झाडाचं नाव दवझाड. दिसायला हुबेहूब सुरूसारखं, तशीच खाली झुकलेली, बारीक लांब सुयांसारखी पानं. पण त्याला मूळ नव्हतं. केळीच्या सोपांचा, म्हणजे खोडाच्या सालपटांचा, लगदा करून यंत्रानं थरावर थर देत त्याचं खोड रचलेलं होतं, आणि फांद्याही तशाच. दिवाळीनंतर ते गावात आलं आणि पहिल्याच सकाळी त्यानं वीस कळशा भरून दिल्या. ते बनवणारी शास्त्रज्ञ याच गावची होती, जोव्हिटा मच्याडो. गावानं तिला डोक्यावर घेतलं. त्या नळाचा एक थेंब घरात न नेणारी गावात एकच बाई होती. जोव्हिटाची आई.

ब्रिजितबाय अडुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं कलमं बांधण्यात गेली. आंबा म्हणा, चिकू म्हणा, जांभूळ म्हणा, तिच्या हातचं कलम मेलं असं कोणी ऐकलं नव्हतं, आणि कोणी विसरत असेल तर ती स्वतः आठवण करून देई. मिस्सा झाली की ती पाण्याच्या रांगेकडे पाठ करून दवझाडापुढच्या जुन्या सुरूकडे जाई आणि अंगठ्याच्या नखानं त्याची साल खरवडून बघे. सालीखाली हिरवी रेघ दिसली तर झाड जिवंत. जोव्हिटाच्या, म्हणजे तिच्या जोवीच्या, बाप्तिस्म्याच्या वर्षी तिनंच ते लावलं होतं. गेली अडतीस वर्षं नाताळची चांदणी त्याच्याच शेंड्यावर चढत होती.

सुरू म्हणजे खाऱ्या वाऱ्याला छाती देणारं झाड. पण वारा वेगळा आणि मुळाशी साचलेलं खारं पाणी वेगळं. किनाऱ्यावरचं सगळं सुरूबन चार वर्षांत वाळून गेलं होतं. हे एकच उरलं होतं, तेही एका बाजूनं.

"काय ब्रिजितबाय," रांगेतून बावतीस तुस्कानो ओरडला. पॅरिश कौन्सिलचा सेक्रेटरी, आणि गावाची चेष्टा करण्याचा ठेका त्याच्याकडेच. "लेकीच्या हातचं पाणी चालत नाही वाटतं?"

"लेकीच्या हातचं चालतं. खांबाच्या हातचं नको," ती म्हणाली.

फादर ऑस्विन तिच्याजवळ आले. "बाय, एक बोलायचं होतं. दवझाडाला समोरून समुद्राचा वारा हवा आणि तुमचा सुरू नेमका त्या वाऱ्यात उभा आहे. त्याच्या आडोशानं निम्मंच पाणी मिळतं. दुसरीकडे कुठं जागा नाही. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधीच्या रविवारी, तुम्ही सांगायचं, चांदणी कुठल्या झाडावर चढवायची. ज्यावर चांदणी, ते राहील. दवझाड नको म्हणालात तर ते शेजारच्या गावाला जाईल. तिथले लोक वाट बघत बसलेत."

"मीच का सांगायचं?"

"तुम्ही सांगितलंत तर गाव ऐकेल. मी सांगितलं तर निम्मं गाव बिशपांकडे जाईल."

त्या दुपारी जेवताना ब्रिजितबायनं जोवीच्या ताटात तळलेला बोंबील जरा आपटूनच वाढला.

"आई, मी काही तुझ्या झाडाच्या जिवावर उठलेली नाही," जोवी म्हणाली.

"मग त्याला फांद्या कशाला दिल्यास? सरळ खांब उभारायचास. झाडाचं सोंग कशाला?"

"सोंग नाही गं! चौदा आकार करून बघितले मी. जाळी केली, पंखा केला, मधमाशीचं पोळं केलं. सगळ्यांत जास्त दव धरलं ते सुरूच्या सुईनं. त्या सुईला पेरं असतात, पेरांवर बारीक खोबणी असतात. थेंब तिथं धरतो आणि मोठा झाला की घसरतो. तू मला सकाळी त्या झाडाखाली अभ्यासाला बसवायचीस ना? माझी वही भिजायची. तेव्हापासून डोक्यात होतं माझ्या."

ब्रिजितबायचा ऊर भरून आला. आपल्या झाडाखाली बसून पोरीनं हे शोधलं! पण तोंडातून निघालं ते भलतंच. "वही भिजायची तर तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

जोवी हसली. मग तिनं बोटानं ताटात रेघ ओढून दाखवली. दवझाडाच्या खोडात केसाएवढ्या हजारो नळ्या होत्या. टाकीतलं थोडं पाणी त्यांतून आपोआप वर चढत राही, सुयांपर्यंत पोचून वाफ होई आणि सुया गार होत. गार सुईवर दव लवकर धरतं.

"म्हणजे रस चढतो," ब्रिजितबाय म्हणाली.

"रस नाही, आई. पाणी."

"तेच ते."

खरं सांगायचं तर ब्रिजितबायला ठाऊक होतं की सुरू जाणार. तिनं कोणाला न सांगता त्याच्या काड्या एकोणीस वेळा निरनिराळ्या खुंटांवर बांधल्या होत्या. खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम उभं राहतं ते खालचं रोप. एकोणीसच्या एकोणीस मेली. काडीचा दोष नव्हता. त्या खाऱ्या पाण्यात टिकेल असा खुंटच आता या किनाऱ्यावर नव्हता. ज्या हातांचा आयुष्यभर तोरा मिरवला त्या हातांची तिला लाज वाटू लागली होती.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे, आवारात कोणी नसताना, ती विसावी काडी कापायला गेली. सुरूच्या एकाच फांदीला अजून ओल होती. कोवळी, पेन्सिलीएवढी काडी कापून तिनं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि जाता जाता हात टेकला तो दवझाडाला. बोलून चालून हातच तो. अंगठा आपोआप फिरला आणि त्यानं साल खरवडली. 'काय वेडी का काय मी,' असं तिच्या मनात आलं, तोवर तिला दिसलं की सालीखाली ओलं आहे. तिनं बोट जिभेला लावलं. गोड!

आता एखादा शहाणा माणूस इथून घरी गेला असता. शास्त्रज्ञानं तर असला विचारही केला नसता. कलम जुळायचं तर दोन्हीकडे जिवंत पेशी हव्यात, खालून हात पुढे यायला हवा आणि वरूनही. पण ब्रिजितबायच्या हाताला चाळीस वर्षांत एकच गोष्ट कळत आली होती. जिथं ओल वर चढते तिथं काडी बांधायची. तिनं चाकू काढला, चर्चची शिडी लावून दवझाडाच्या तिसऱ्या फांदीला चीर दिली, काडीला दोन्ही बाजूंनी उतार देऊन पाचर केली, ती चिरेत बसवली आणि पट्टी आवळून बांधली. हिरव्यात हिरवं मिसळून गेलं. मग ती घाईघाईनं चालती झाली, चोरी करून निघाल्यासारखी.

आठवडा झाला, काडी हिरवी. दोन आठवडे झाले, तरी हिरवी. ब्रिजितबाय आता रोज दवझाडाच्या रांगेत उभी राहू लागली, हातात कळशी, नजर मात्र वर. बावतीसनं टोमणा मारला तोही तिनं ऐकून घेतला.

चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी जोवी तणतणत आवारात आली. तिच्या हातातल्या पडद्यावर आकडे होते. "तिसऱ्या फांदीत गळती आहे. पाणी जातंय, खाली काही पडत नाही. कुठं जातंय कळत नाही!" तिनं शिडी लावली आणि वर चढली. तिनं सुया बाजूला सारून बघितलं. मग वरूनच खाली उभ्या आईला हाक आली.

"आई! ही गाठ तुझी आहे."

ब्रिजितबाय डावखुरी. तिच्या पट्टीचा पीळ उलटा पडे, आणि असा पीळ गावात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

"हो, माझी."

"माझ्या फांदीला चाकू लावलास तू? तीन वर्षं घातलीत मी यात! मला विचारायचं तरी..." आणि ती मधेच थांबली. काडीच्या टोकाला तीन नवे धुमारे होते, पोपटी, बोटभर लांब. जोवीनं खिशातला छोटा सूक्ष्मदर्शी काढून चिरेला लावला आणि पडद्याकडे बघत राहिली.

"हे होऊच शकत नाही," ती हळूच म्हणाली.

"झालंय ना पण?"

जोवी खाली उतरली आणि चर्चच्या पायरीवर बसली. तिनं आईला पडदा दाखवला. काडीच्या पेशी वाढत वाढत फांदीतल्या नळ्यांत शिरल्या होत्या. पाणी त्यांना आयतं मिळत होतं, आणि सुयांवरून धुऊन आलेली धूळ आणि पाखरांची शीट चिरेत खत म्हणून उतरत होती. पलीकडून त्यांना भेटायला कोणी आलेलं नव्हतं. पण केळीचा धागाही शेवटी झाडाचाच, त्याला धरून धरून त्या एकट्याच खाली चालल्या होत्या. पाच आठवड्यांत करंगळीच्या पेराएवढं अंतर त्यांनी कापलं होतं.

"मुळं सोडतंय ते," जोवी म्हणाली. "माझ्या झाडात मुळं सोडतंय. आई, जगात कोणी केलेलं नाही हे. कोणाला सुचलं नसतं."

"मला तरी कुठं सुचलं? हात गेला."

जोवीनं तो हात दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्याच्या काळ्या पडलेल्या नखाकडे बघत ती रडायला लागली. ब्रिजितबायलाही रडू आलं. एकोणीस मेलेल्या कलमांचं ओझं त्या एका क्षणात उतरलं, आणि ते कोणाच्या खोडावर उतरलं हे काय तिला सांगायला हवं होतं!

रविवारी मिस्सेनंतर सारं गाव आवारात थांबलं. पायरीवर कागदाची मोठी चांदणी ठेवली होती. ब्रिजितबाय आधी सुरूकडे गेली आणि नखानं साल खरवडली. तपकिरी. दुसऱ्या बाजूनं खरवडली. तिथंही तपकिरी, कोरडी. अडतीस वर्षं! तिनं नख पदराला पुसलं आणि ती गावाकडे वळली.

"माझं झाड गेलं," ती म्हणाली. "उद्या उतरवा. त्याच्या लाकडाचा नाताळच्या गोठ्यातला बाळ येशूचा पाळणा करा, दुसरं काही करू नका. आणि चांदणी माझ्या लेकीच्या झाडावर चढवा. तीन वर्षं राबून तिनं ते उभं केलंय, आणि तुम्ही पाणी पिताय ते माझ्या पोरीच्या अकलेचं. मी इतके दिवस प्यायले नाही, ती माझी मस्ती."

कोणीतरी टाळी वाजवली. मग तिनं तिसऱ्या फांदीकडे बोट केलं आणि काडीची हकिकत सांगितली. लोक माना वर करून बघू लागले. पोपटी धुमारे उन्हात सगळ्यांना दिसत होते.

"थांबा थांबा," बावतीस म्हणाला. "मला रजिस्टरात लिहायचंय. नाताळचं झाड, खरं की नकली? काय लिहू?"

"बावतीस, हापूस खाताना कधी विचारलंस का, खाली खुंट कुठला होता म्हणून?"

"नाही बुवा."

"मग झाड लिही आणि गप बस."

हशा पिकला. फादर ऑस्विनही तोंडावर हात धरून हसले. जोवी चांदणी घेऊन शिडी चढली आणि शेंड्याला ती बांधून खाली आली, पण हसण्यात ती नव्हती. गर्दी पांगल्यावर ती आईजवळ येऊन उभी राहिली.

"रात्री हिशेब मांडला मी," ती म्हणाली. "या वेगानं मुळं बारा-पंधरा वर्षांत बुंध्यापर्यंत पोचतील. वाटेतल्या सगळ्या नळ्या भरून टाकतील. केळीचा धागा तोवर कुजून त्यांचं खत होईल. मग इथं सुरू असेल, खराखुरा, टाकीच्या गोड पाण्यावर जगणारा. दव तोही धरेल, माझ्याइतकंच. पण माझं झाड त्यात कुठं असेल, आई? काडी काढून टाक म्हटलं तर तू काढशील. पण मी तसं म्हणणार नाहीये."

ब्रिजितबायनं पिशवीतून पत्र्याची चकती आणि खिळा काढला. बांधलेल्या प्रत्येक कलमाला ती अशी चकती अडकवत आली होती. तिच्यावर काडीच्या झाडाचं नाव आणि तारीख. जोवीनं सहा वर्षांची असताना एकदा विचारलं होतं, "आणि खालच्याचं नाव गं?" तेव्हा ब्रिजितबायनं तिला उडवून लावलं होतं, "खुंटाला कोण विचारतं!" धंद्याची रीतच ती. सगळा भार खुंट उचलतो आणि नाव काडीला मिळतं. चाळीस वर्षांत हजारो चकत्या झाल्या, पण त्या रीतीत काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती पायरीवर बसली. चकती गुडघ्यावर धरून तिनं खिळ्यानं एकेक अक्षर कोरलं, 'सुरू'. खाली तारीख कोरली. मग चकती फिरवून तिनं मागची कोरी बाजू वर केली, खिळा पत्र्यावर टेकवला आणि लेकीकडे बघितलं.

"सांग गं जोवी," ती म्हणाली, "खुंटाचं नाव काय लिहू?"