आईच्या हाताची सवय

एक कोडं घालते, सोडवा पाहू. जे बाळ कधी जन्मलंच नाही, ते अकरा वेळा गारठलं कसं?

मला त्या बाळाचा रागच यायचा. चार महिने माझी आई मला सोडून नागपुरात त्याच्यापाशी होती. आमच्या गावच्या दवाखान्यात बारा वर्षं नर्स असलेली आई आता फार लवकर जन्मलेल्या बाळांची शुश्रूषा शिकत होती. आज परीक्षा. पास झाली की उद्या माझ्याबरोबर घरी, नाहीतर आणखी दोन महिने तिथेच.

ते केंद्र माझ्या आजोबांनी उभारलेलं. त्यांनी मला चष्मा चढवला आणि समोर लालसर, इवलंसं बाळ दिसलं.

"हे सिम्युलेशन (खऱ्या प्रसंगाची हुबेहूब नक्कल)," आजोबा म्हणाले. "बाळ संगणकातलं. पण आई जे करेल, तसे त्याचे श्वास आणि तापमान बदलतात."

आतल्या खोलीत तसाच चष्मा लावलेल्या आईनं बाळ घेतलं आणि लगबगीनं उबदार फडक्यानं पुसू लागली. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा उतरू लागला. ३६.५... ३६.१... ३५.७.

"पुसणं चांगलंच की, आजोबा!"

"पूर्ण दिवसांच्या बाळाला. हे बारा आठवडे आधी आलंय. त्याची त्वचा इतकी पातळ, की अंगातलं पाणीही तिच्यातून उडून जातं आणि जाताना ऊब नेतं. पुसण्यात वेळ गेला की ते गारठतं. म्हणून त्याला ओलंच, लगेच स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यापर्यंत ठेवायचं. तोंड मोकळं, डोक्याला टोपी."

"आईला ठाऊक नाही?"

"तोंडपाठ आहे! पण जित्याची खोड म्हणतात ना, बारा वर्षं बाळं पुसलेला हात डोक्याआधी धावतो. सरावात दहा वेळा हेच झालं, आजची ही अकरावी. सवय मोडायची तर चुकावं लागतं आणि खऱ्या बाळापाशी चुकून कसं चालेल?"

"तरी पास करा ना तिला."

आजोबांनी नकारार्थी मान हलवली.

आई बाहेर आली. "पल्ले, पुन्हा चुकलं गं. सोडून देऊ हे? येऊ घरी?"

चार महिने मी हेच ऐकायला आसुसले होते. मी तिला घट्ट मिठी मारली. तिच्या साडीचा वास किती दिवसांनी आला!

"नको," मी म्हणाले. "आपल्या गावात असं बाळ आलं तर? शिकूनच ये."

आणि मग मला रडूच आवरेना.

माझे डोळे पुसून आई पुन्हा सरावाला आत गेली. मी चष्मा लावला. तिचा हात फडक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.