डावा पंख

"अहो, तुमच्या केळीत विमान पडलंय... माहितीये का तुम्हाला?"

नेत्राने वैतागून वर पाहिलं. वटार गावच्या त्या अरुंद रस्त्यावर, वाडीच्या कुंपणापलीकडे स्कूटर थांबवून एक तरुण उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची काळजी चक्क खरी होती. सकाळीच विमानाच्या पत्र्याला पाडलेलं एक भोक चुकलं होतं, अख्खा पत्रा वाया गेला होता, आणि त्यात हा!

"पडलं नाहीये," ती म्हणाली. "अजून उडालंच नाही, तर पडेल कुठून?"

त्याने मान वाकडी करून पाहिलं. केळीचे घड ठेवायला बाबांनी बांधलेल्या शेडमधून एका दोन माणसांच्या चिमुकल्या विमानाची शेपटी बाहेर आली होती.

"तुम्ही घरी बनवताय?"

"नाही, झाडाला लागलंय."

तो मोकळेपणी हसला. गालाला खळी पडली, आणि ती दिसली याचाच नेत्राला राग आला.

"माझ्याकडेपण आहे एक," तो म्हणाला.

त्याचं नाव विपुल, जवळच्या बोळिंजला राहायचा. दोन मित्रांबरोबर भागीदारीत त्याने कारखान्यात बनलेलं एक जुनं, छोटं विमान घेतलं होतं. ते नाशिककडच्या एका धावपट्टीवर उभं असायचं. उभंच असायचं.

"उडत नाही?"

"उडायचं. सध्या दाराची कडी तुटलीये."

"कडी? आणा इकडे, तासाभरात बनवून देते."

"द्या की. मग तुरुंगात डबापण तुम्हीच आणा." त्याने हात जोडले. "कारखान्याच्या विमानाला कारखान्याचीच कडी लागते, ताई. ती परदेशातून येणार, परवानावाला इंजिनियर ती बसवणार, सही करणार. मी फक्त मालक. लांबून बघायचं."

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"...नेत्रा."

त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. कधी पत्रा धरायला, कधी नुसता चहा प्यायला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो तिला चिडवायचा, "माझं निदान पूर्ण तरी आहे." ती म्हणायची, "आणि माझ्या विमानाला हात लावायला मला कुणाची सही लागत नाही." हे अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. पंखावर शेवटचा पत्रा ठोकून तो बंद करण्याआधी तपासनीस येऊन आतला सांगाडा बघणार होते. त्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढा एकच नियम ती देवाच्या नेमासारखा पाळत होती.

बाकी सगळ्याचा तिला वीट आला होता. सहा वर्षं! गावात कुठेही जा, शेजारच्या सेलिनबायपासून लग्नातल्या वाढप्यापर्यंत सगळे एकच विचारायचे, "कधी उडणार गो?" आणि त्याच दमात, "लग्न कधी?" आई तर कपाळाला हात लावायची. "दोन्हीतलं एक तरी ठरव, बाई!"

मे महिन्यात नेत्रा मामेबहिणीच्या लग्नाला अलिबागला गेली. परत आली तेव्हा शेडच्या दारात विपुल उभा होता, नवा शर्ट घालून.

"डोळे मीट."

तिने मिटले. त्याचा हात तिच्या कोपराला लागला, सोनचाफ्याचा वास आला. तेवढ्यात तिला वाटून गेलं की आता हा विचारणार.

"उघड."

डावा पंख बंद झाला होता. वसईच्या एका वर्कशॉपमधून दोन कारागीर आणून त्याने पत्रा ठोकून घेतला होता. नारळ फोडला होता, हळदीकुंकू लावलं होतं, वर चाफ्याचा हार. पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटच्या खिळ्यांची रांग कशी सरळ, चकचकीत!

नेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. विपुलला वाटलं, आनंदाने.

"आत कुणी पाहिलं?" तिने विचारलं.

"आत काय बघायचंय?"

मग मात्र ती फुटली. "तपासनीस, विपुल! त्यांनी पाहायचं होतं! आता हा पंख खोलायचा... एकेक रिव्हेट काढून! तुला सगळं तयारच लागतं ना? विमान तयार, पंख तयार... बायकोपण कारखान्यातूनच आण!"

बायको हा शब्द कुणी काढला नव्हता. तो तिच्याच तोंडून निघाला होता. ती लाल झाली, आणि त्याचाही राग विपुलवरच काढत म्हणाली, "जा तू!"

तो गेला. पुढचा रविवार रिकामा गेला, त्याच्या पुढचाही. नेत्राने ड्रिल हातातसुद्धा घेतलं नाही. पंखाकडे पाहिलं की रडू यायचं, आणि ते पंखासाठी नव्हतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तिसऱ्या रविवारी सकाळी शेडमधून घरघर ऐकू आली. ती धावत गेली. विपुल डाव्या पंखाशी मांडी घालून बसला होता, बाबांकडून चावी मागून. जवळच्या ताटलीत काढलेल्या रिव्हेटचा ढीग, आणि शेजारी सारखा थरथरणारा फोन.

"उचल ना तो!"

"मित्र आहेत. कडी आली. आज इंजिनियर धावपट्टीवर आलाय, सही करून विमान मोकळं करणार. मी आलो नाही म्हणून ओरडताहेत."

"आठ महिने वाट पाहिलीस! आणि आज इथे बसलायस?"

"मी बंद केलाय ना पंख... मग मीच उघडणार." त्याने वर पाहिलं. चेहरा घामाने डबडबलेला. "मला तयार काही नको, नेत्रा. मला तू हवीस. बनायला कितीही वेळ लागू दे... मी पत्रा धरेन."

नेत्राने खाली पाहिलं, आणि ती ओरडली, "ड्रिल तिरकं धरलंयस! भोक मोठं होईल!" ती त्याच्याजवळ टेकली, त्याच्या हातावर हात ठेवून ड्रिल सरळ केलं. ड्रिल थांबलं तरी हात तिथेच राहिला.

"मलापण तूच हवायस," ती कुरकुरली. "वैताग आहेस, पण हवायस."

बाहेरून केळीचा घड खांद्यावर घेऊन बाबा चालले होते. नेहमीसारखं त्यांनी विचारलं, "काय गो नेत्रा, कधी?"

"काय कधी, बाबा? विमान की लग्न?"

"जे आधी होईल ते!"

नेत्राने उघड्या पडत चाललेल्या पंखाकडे पाहिलं, मग विपुलकडे. पहिल्यांदाच त्या प्रश्नाचा तिला राग आला नाही.

"मग लग्न," ती म्हणाली. "विमानाला अजून वेळ आहे."